मधल्या खोलीतून आलेली ओ

१

वज्रेश्वरीला मी एक नवस बोलले होते. ह्यांचं नाटक रंगमंचावर उभं राहू दे, मी घरापासून तुझ्या पायरीपर्यंत अनवाणी चालत येईन आणि तुझी ओटी भरीन.

तसे मी पुष्कळ नवस बोलले आहे. देवीशी बोलणं म्हणजे माझ्या लेखी शेजारणीशी बोलणं. मुलीचा ताप उतरू दे, ह्यांची बदली टळू दे. ती ऐकते, कधी विसरते, मग मी आठवण करून देते. पण हा नवस नेहमीपेक्षा मोठा होता. मागणं नाटकाचं होतं खरं, आत दडलेली गोष्ट वेगळीच होती.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या दंगलीनंतर आमच्या भिवंडीत माणसं एकमेकांच्या दारात उभी राहायची, आत यायची नाहीत. दिवाळीचा फराळ जायचा, ईदचा शीरखुर्मा यायचा, पण डबा उंबऱ्यावरच हातात. "बसत नाही, घाई आहे," असं दोन्हीकडचे म्हणायचे. घाई कुणालाच नसायची.

माझे यजमान शाळेत शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. गावात जे झालं त्यावर त्यांना लिहायचं होतं, पण लेखणी उठेना. "ज्यांच्यावर लिहायचं ती माणसं रोज भाजी घेताना भेटतात गं," असं म्हणायचे. म्हणून ते शंभर वर्षं मागे गेले. कामवारी नदीच्या काठी कुणा गोऱ्या इंजिनियरचा बंगला होता, त्याची बायको एके सकाळी मरून पडलेली सापडली, आणि पाणी भरणाऱ्या सिद्दी नोकराला धरलं. पाहिलेलं कुणीच नव्हतं. काळा होता, परका होता, आणि त्या सकाळी घरात होता, एवढाच पुरावा. अशा वर्णाच्या माणसाला दयामाया ठाऊक नसते, असं एका डॉक्टरानं शपथेवर सांगितलं. त्याला ठाण्याला नेऊन फाशी दिलं.

ह्यांनी त्यावर नाटक लिहिलं. आणि त्यासाठी आमच्या बाहेरच्या खोलीत तीन वर्षांनी पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसली. माझा नवस खरं तर त्या बसण्यासाठी होता.

२

तालीम शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. इतर दिवशी आमच्या गल्लीत खटखट इतकी, की माणसं बोलतात कमी, ओठ वाचतात जास्त. शुक्रवारची शांतता मात्र अंगावर यायची.

सिद्दी नोकराचं काम हारूनकडे होतं. चार घरं पलीकडे त्याचे लूम. सावळा, उंच, हसरा. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊजी. कोर्टातल्या पुकारा करणाऱ्या शिपायाचं काम लडकूकडे. लडकू जवळच्या दिघाशी गावचा, आणि खऱ्या कोर्टातही शिपाईच. दिवसभर तिथे पुकारा करायचा, संध्याकाळी आमच्याकडे येऊन तेच करायचा.

"मास्तर, मना नाटकात तरी जज करा," तो म्हणायचा.

"जज गोरा हवा. तुला पावडर लावली तर डबा संपेल," हे म्हणायचे.

दंगलीनंतर जी नावं धरली गेली त्यांत हारूनचंही होतं. दोन वर्षं तारखा झाल्या, मग पुरावा नाही म्हणून सोडलं. त्या दोन वर्षांत दर तारखेला त्याला पुकारणारा लडकूच. तालमीत हारून त्याची थट्टा करायचा.

"या लडकूनं मला जेवढ्या हाका मारल्या तेवढ्या माझ्या बायकोनंपण नसतील मारल्या."

"तिची हाक चुकवशील, माझी चुकवलीस तर वारंट," लडकू म्हणायचा, आणि दोघं हसायचे. हसणं खरं होतं. पण हसून झालं की दोघंही चहाच्या कपात बघायचे.

आमचं घर असं, की बाहेरची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर. मधल्या खोलीला खिडकी नाही. तिथे देव, धान्याची कोठी, गाद्यांची चळत. बाहेरच्या बाजूला पडदा. तालमीची माणसं पडद्याच्या पलीकडे, मी चुलीपाशी, आणि मध्ये ती खोली रिकामी.

एका शुक्रवारी पहिल्यांदा कोर्टाचा प्रवेश उभा केला. टेबल उलटं करून, चार पाय वर, आरोपीचा पिंजरा केला. लडकूनं घसा साफ केला आणि पुकारलं, "सिद्दी मुबारक हाजिर हाय का?"

"न्हाय."

कुणीतरी हळूच म्हणालं. बाहेर हशा पिकला.

"अरे, आरोपीच न्हाय म्हंतंय, आता काय करायचा?" लडकू म्हणाला. मग पडद्याकडे तोंड करून, "वयनी, मस्करी करताव का?"

मी चहा गाळत होते. मला वाटलं, बाहेरूनच कुणीतरी बोललं. त्यांना वाटलं, मी आतून बोलले. दोघांच्या मध्ये काय आहे, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

३

पुढच्या शुक्रवारी मी सुपात तांदूळ घेऊन मधल्या खोलीतच निवडत बसले. देवापुढे दिवा होता. पडद्याखालून हारूनचे पाय दिसत होते, लडकूच्या चपला दिसत होत्या.

"सिद्दी मुबारक हाजिर हाय का?"

"न्हाय."

माझ्या डाव्या हाताला, कोठीच्या कोपऱ्यातून. उंचावरून नाही, माणूस उकिडवा बसला तर त्याचं तोंड जिथे येईल तिथून. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. दारात कुणी परका येऊन भलत्याचीच चौकशी करतो आणि आपण त्याला सांगतो, ते इथं राहत नाहीत हो, तसा तो आवाज होता.

माझ्या हातातलं सूप हललं नाही, हे मला अजून आठवतं. मी मनाची समजूत घालत होते. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ आहे. कोठी पोकळ आहे, आवाज घुमतो. उपासाचा दिवस, पोटात काही नाही. समजूत पटत होती, पण कोपऱ्याकडे मान वळत नव्हती.

बाहेर ह्या वेळी कुणी हसलं नाही.

रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं, "त्या माणसाचं नाव खरंच मुबारक होतं?"

"नाही. जुन्या कागदांत नाव कुठंच नाही. सगळीकडे 'सिद्दी नोकर', नाहीतर 'आरोपी'. नाटकाला नाव लागतं, म्हणून मी ठेवलं. का गं?"

"मग कोठीच्या कोपऱ्यातून 'न्हाय' म्हणणारा तो खरं सांगतोय. मुबारक इथं नाही."

हे घास हातात धरून बसले. माझे यजमान तसे देवाधर्माला हात जोडत नसत. पण मला त्यांनी वेड्यात काढलं नाही. घास ताटात ठेवून म्हणाले, "मी त्याला न्याय द्यायला निघालो, आणि सुरुवातच चुकीच्या नावानं केली."

४

त्यांनी नाव खोडलं.

"मंग मी पुकारू कसा?" लडकूनं विचारलं.

"कोर्टात नाव वाचता आलं नाही तर कसं पुकारतोस?"

"तवा नुसता आरोपी म्हंतो."

"तसंच म्हण."

हारून अजून प्रवेशात यायचा होता. तो दाराशी बसून बशीतून चहा पीत होता, शेजारच्याला कुठल्याशा मॅचचं सांगत होता. मी पडद्याशी कपांचा ट्रे घेऊन उभी होते, त्यामुळे मला सगळं दिसलं.

"आरोपी हाजिर हाय का?"

हारून ताडकन उभा राहिला. बशी पडली, चहा पँटीवर सांडला, त्याला कळलंही नाही. हात आपोआप पुढे जुळले, जसे बेडीत जुळतात. आणि तो म्हणाला, "हाय."

त्याच क्षणी माझ्या पाठीमागून, मधल्या खोलीतून, दुसरा "हाय" आला. एकाच दमात, एकाच सुरात, जणू दोघांना मिळून एकच गळा होता.

लूम बंद, गल्ली बंद. चहा फरशीवरून पिंजऱ्याकडे ओघळत होता.

हारून आपल्याच हातांकडे बघत होता. "मास्तर," तो म्हणाला, "माझं वाक्य अजून यायचं होतं ना?"

लडकू खाली बसला. टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली.

मला त्या वेळी भीतीच्या आधी रडू आलं. शंभर वर्षं झाली. त्या माणसाला ठेवलेलं नाव तो घेत नव्हता, आणि स्वतःचं त्याला कुणी उरू दिलं नव्हतं. ओ द्यायला त्याच्याकडे एकच शब्द राहिला होता, आरोपी, आणि तो आम्ही आमच्या घरात बसून त्याला दिला.

५

ज्या नाट्यस्पर्धेत हे नाटक उतरणार होतं, ती जवळ आली होती. शेवटच्या, फाशीच्या प्रवेशात हारूनच्या डोक्यावर काळी पिशवी चढवायची होती, ती मी अस्तराच्या कापडाची शिवत होते. एका दुपारी साजिदा आली. हारूनची बायको. दारात उभी राहिली. मी "ये" म्हटलं, तर चक्क आत येऊन बसली, आणि त्यावरूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

"वहिनी, ते जेवता जेवता उठतात," ती म्हणाली. "लूमवर उभे असतात, एवढ्या आवाजात, आणि एकदम वळून 'हाय' म्हणतात. कोणी बोलावलेलं नसतं."

"थकवा असेल गं. दोन वर्षं काय कमी सोसलं त्यांनी?"

"मीपण तेच बोलते स्वतःला." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "काल सासूबाईंनी हाक मारली, हारून. तर त्यांनी वळून बघितलं नाही. सासूबाईंनी पुन्हा मारली. तर म्हणाले, न्हाय."

मी सुई कापडात टोचून ठेवली.

"आमच्या घरात कोणी न्हाय बोलत नाही, वहिनी. आम्ही नाही बोलतो. आणि आवाज..." ती थांबली. तिची नजर माझ्या मांडीवरच्या काळ्या पिशवीवर गेली. "हे काय शिवताय?"

"उशीचा अभ्रा," मी म्हटलं. आणि ती गेल्यावर शिवण उसवायला घेतली.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ येरझारा घालत राहिले.

"शेवट बदलतो. निर्दोष सोडतो त्याला," ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "कागदावर सोडीन. पण मधल्या खोलीतल्याला ठाऊक आहे ना, काय झालं ते."

"बंद करा नाटक."

"अनसूया, नाटक बंद केलं तर हारून पुन्हा या घरात येऊन बसेल? आपण परत उंबऱ्यावरून डबे देणार?"

"आणि नाही बंद केलं, तर हारून साजिदाच्या घरात परत जाईल?"

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसायचा. आयुष्यात एकच नाटक लिहिलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना स्पर्धेतून नाव मागे घेऊन आले. मला म्हणाले, "झालं," आणि पाणी मागितलं.

६

तरी शुक्रवारी हारून आला.

तालीम नाही हे त्याला सांगितलं होतं. लडकूही आला होता, पण तो ह्यांच्याशी दोन शब्द बोलायला. हारून कुणाशी बोलला नाही. टेबल सरळ होतं, ते त्यानं उलटं केलं, आत जाऊन उभा राहिला आणि पडद्याकडे बघत राहिला. हात जुळलेले.

"हारून, चल, घरी सोडतो," हे म्हणाले.

"न्हाय."

लडकू त्याच्याजवळ गेला. "अरे हारून, मी रे, लडकू. केस सुटली तुझी. कवाच सुटली."

"न्हाय."

तो हट्टानं म्हणत नव्हता. मधल्या खोलीतल्या त्याच थकल्या, सौम्य सुरात म्हणत होता. त्याच्या ओठांच्या हालचालीला आवाज किंचित मागून येत होता, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. लडकू भिंतीला टेकून रडायला लागला. "मीच शिकवला त्याला यो," म्हणाला. "आता पुकारू तरी काय? आरोपी म्हटला तर येल तो माझ्या मागं. पन त्या नावानं घरी कसा नेऊ?"

चुलीवरच्या भाकऱ्या तशाच टाकून मी पडद्याशी येऊन उभी राहिले होते. माझ्याकडे कसलंही ज्ञान नव्हतं, मंत्र नव्हता. फक्त एक गोष्ट मनात आली. पुरुषमाणसं नावावाचून अडतात. आमच्या वेळच्या बायकांना नाव घ्यायची सवयच नाही. नवऱ्याचं घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, नवऱ्याच्या मित्राचं तर नाहीच. माझा सगळा संसार कुणाचं नाव न घेता चालला आहे, आणि हाक कधी अडली नाही.

मी मधल्या खोलीत गेले. बाहेरची माणसं पडद्याआत येत नसत, तशी रीत होती. मी पडदा बाजूला सारून खुंटीला अडकवला. देवापुढे दोन पाट मांडले, दोन पानं घेतली, भाकरी, वालाची उसळ, कांदा. आणि रोज मारते तशा आवाजात हाक मारली, "भाऊजी, जेवायला चला. पानं वाढली आहेत."

बाहेर कुणी हललं नाही. कोपऱ्यातून "हाय" आला नाही आणि "न्हाय"ही आला नाही. त्या शांततेत मला कळलं की कुणीतरी विचारात पडलं आहे. ही हाक त्यानं पूर्वी कधीतरी, फार पूर्वी, कुणाच्या तरी तोंडून ऐकली असावी.

मी पुन्हा म्हटलं, "चला ना, भाऊजी. भाकरी गार होते."

मोरीवर पाणी पडल्याचा आवाज झाला. माणूस पाय धुतो, एक पाय दुसऱ्यावर घासून, तसा. मोरी माझ्या मागे, स्वयंपाकघरात होती, आणि हारून तर अजून समोर पिंजऱ्यात होता. मग हारूनही निघाला. उलट्या टेबलाच्या पायाला ठेचकाळला, आत आला, डोळे मिटल्यासारखा पाटावर बसला.

मी वाढायला वाकले. वाढणाऱ्या बाईनं पुरुषांच्या तोंडाकडे बघू नये, असं माझ्या आईनं शिकवलेलं. म्हणून मी फक्त पानांकडे बघत होते. हारूनच्या पानावर हारूनचा हात होता, लूमच्या तेलानं नखं काळी झालेला. दुसऱ्या पानाच्या कडेला दुसरा हात होता. हारूनपेक्षा कितीतरी काळा. मनगटाभोवती कातडी घासून फिकट पडलेलं एक कडं. तो भाकरीचे तुकडे करत होता, अगदी बारीक, पुढची भाकरी कधी मिळेल हे ज्याला ठाऊक नसतं तो करतो तसे.

माझी मान वर व्हायला बघत होती. मी ती होऊ दिली नाही. मी म्हटलं, "उसळ वाढू?"

पान किंचित पुढे सरकलं. मी वाढली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग हारून म्हणाला, "वहिनी, मीठ कमी आहे." त्याचा स्वतःचा आवाज. बाहेरून लडकूनं घाबरत घाबरत हाक मारली, "हारून?" आणि हारून म्हणाला, "काय रे? जेवतोय मी."

दुसऱ्या पानावर काही उरलं नव्हतं. पाट ओला होता.

७

नाटक कधीच झालं नाही. ह्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणायचे, "ते जमलं नाही." पंच्याण्णव साली ते गेले. शेवटच्या आजारात मला एकदाच म्हणाले, "त्याचं नाव मला सापडलं नाही गं." मी त्यांचे पाय चेपत होते.

हारूनला नंतर बरंच बरं वाटलं. तरी परक्यानं दारातून मोठ्यानं हाक मारली की तो उभा राहतो, हे साजिदा मला सांगते. तेवढं राहिलंच. पण ती आता आत बसून सांगते. आणि ब्याण्णवच्या डिसेंबरात, चहूकडे आग असताना, हारून आणि लडकू आमच्या गल्लीच्या तोंडाशी एकाच बाकावर बसून राहिले होते.

मधल्या खोलीतून पुन्हा आवाज आला नाही. तो सुटला, की नुसता गप्प झाला, मला ठाऊक नाही. फाशी गेलेल्या माणसाला एका जेवणानं काय मिळतं? पोट तरी भरतं का? मी चांगलंच होईल असं धरून चालणारी बाई आहे, पण हे विचारताना देवीपुढेही माझा आवाज खाली जातो.

नवस फळला नाही, तरी मी वज्रेश्वरीला अनवाणी गेले. ओटी भरली. काही मागितलं नाही.

तुमच्या घरी, तुमच्या गल्लीत, असं कुणी असेल, ज्याला लोक एकाच शब्दानं ओळखतात, आणि तो शब्द त्याचं नाव नाही. त्याचं नाव शोधत बसू नका, तेवढा वेळ नसतो. काका म्हणा, मामा म्हणा, भाऊजी म्हणा, तोंडाला येईल ते नातं लावा. एकदा तरी आत बोलवा, पान वाढा. आणि तो जेवत असेल तेव्हा, एवढं माझं ऐका, वर बघू नका.